'पाणी पायजे काय?' हे त्याचं मागणंच आहे

प्रश्न बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका आईचा आहे. थोडक्यात असा: मुलगा साडेपाच वर्षांचा, चौथ्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. तोंड दिवसभर चालू असतं, पण आपलंच बोलणं परत ऐकू येतं. "जेवतोस काय?" विचारलं की "जेवतोस काय?" म्हणतो. तहान लागली की स्वतःच "पाणी पायजे काय?" म्हणत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहतो. कार्टूनमधली वाक्यं आणि रेल्वे स्टेशनवरची घोषणा तासन्‌तास चालते. घरात मराठी, शाळेत कन्नड. शाळेतून सुचवलंय की घरीही कन्नडच बोला, दोन भाषांनी पोर गोंधळलंय. ही पोपटपंची बंद कशी करायची आणि तो स्वतःहून कधी बोलेल, असं त्यांनी विचारलंय.

ताई, तहान लागल्यावर "पाणी पायजे काय?" म्हणत तो येतो ना, तेच स्वतःहून बोलणं. तहान त्यानं ओळखली, पाणी कुठं असतं आणि कोण देतं हे त्याला ठाऊक आहे, आणि पाणी मिळताना प्रत्येक वेळी कानावर पडलेलं वाक्य त्यानं अख्खंच्या अख्खं उचलून वापरलं. शब्द तुमचे आहेत, मागणं त्याचं आहे. हे बंद करायला गेलात तर त्याच्या हातातलं एकमेव अवजार काढून घ्याल. आपल्याला करायचंय ते एवढंच की त्याला उचलायला दुसरी, जास्त उपयोगाची वाक्यं द्यायची आणि मग ती मोडून जोडायला शिकवायचं.

या परत म्हणण्याला इकोलेलिया म्हणतात. १९४३ साली बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ऑटिझमचं सविस्तर वर्णन केलं त्यातही ते आहे, आणि 'मी'च्या जागी 'तू' येणंही आहे. पुढे बरीच वर्षं ते निरर्थक मानून दाबायचेच प्रयत्न झाले. १९८१ साली बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकन यांनी मुलांचं लगेच परत म्हटलेलं बोलणं व्हिडिओवर बारकाईनं तपासलं आणि त्याची सात निरनिराळी कामं दाखवली: मागणं, 'हो' म्हणणं, संवादात आपली पाळी सांभाळणं, वस्तूला नाव देणं, स्वतःला सूचना देणं, उत्तर देण्याआधी मनाशी घोळवणं, आणि सातवं म्हणजे कुणाला उद्देशून नसलेलं नुसतं म्हणणं. तुमचा मुलगा "जेवतोस काय?" परत म्हणून ताटाकडे वळत असेल, तर ते सरळ 'हो' आहे. तोच शब्द म्हणून मान फिरवत असेल, तर त्याचा अर्थ वेगळा.

म्हणून पहिला आठवडा काही शिकवू नका, फक्त लिहा. शाळेची साधी वही घ्या, पानावर चार रकाने आखा: तो काय म्हणाला, त्याआधी काय घडलं, म्हणताना अंग आणि नजर कुठं होती, आणि काय मिळाल्यावर थांबला. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. वस्तू मिळाल्याबरोबर वाक्य थांबलं तर ते मागणं होतं. काहीही दिलं तरी चालूच राहिलं, आवाज चढत गेला, हात कानावर गेले, तर ती अस्वस्थता. आठवड्यात चाळीस-पन्नास नोंदी झाल्या की पुरे. हे वाक्य मुळात कुठून आलं, हे घरातल्या सगळ्यांना विचारा. 'कर्र झालं, कर्र झालं' असं काहीतरी म्हणून रडत असेल आणि आजीला आठवलं की दोन वर्षांपूर्वी कुकरची शिट्टी उडाली तेव्हा कुणीतरी तसं ओरडलं होतं, तर ते आता त्याच्या भाषेत 'मला भीती वाटते' असं वाक्य आहे. घरच्यांखेरीज हा अर्थ कुणीच सांगू शकत नाही; थेरपिस्टही नाही.

याच आठवड्यात कानांची तपासणी झालेली नसेल तर करून घ्या. बोलतो म्हणजे ऐकतोच, असं धरून चालू नये. एका कानाचा किंवा मधल्या कानातल्या पाण्याचा दोष असाच नजरेतून सुटतो. आणि पूर्वी येत असलेले शब्द अचानक गेले, किंवा मध्येच काही सेकंद टक लावून थिजण्यासारखं दिसलं, तर वाट न बघता बालमेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. ते आपल्या या कामाच्या आधी येतं.

आता मुख्य बदल. तो मुलाला करायचा नाही, घरातल्या मोठ्यांनी स्वतःच्या बोलण्यात करायचा आहे. एकदा जेवणाच्या वेळेचं दहा मिनिटांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. बहुतेक घरांत मुलाला उद्देशून असलेली वाक्यं दोनच जातीची निघतात: प्रश्न आणि हुकूम. 'भात वाढू काय?', 'झालं काय?', 'बस की', 'हात धू जा'. जे मूल ऐकलेलं अख्खं उचलतं, त्याला आपण दिवसभर प्रश्न आणि हुकूमच उचलायला देतो आणि मग ते प्रश्न विचारतंय म्हणून काळजी करतो. त्याच्या तोंडी शोभेल असं वाक्य त्याला मिळतच नाही.

तर वाक्य त्याच्या बाजूनं बोला. तो पाण्याकडे बघतोय, तुम्ही म्हणा, "पाणी पायजे." प्रश्नाचा हेल नको, 'काय' नको, पुढं नावही नको. तो रडत पोट धरतोय: "पोट दुखालंय." चेंडू कपाटाखाली गेला: "चेंडू गेला!" त्यानं जशीच्या तशी नक्कल केली तरी वाक्य बरोबरच पडलं पाहिजे, ही कसोटी.

इथं मराठीचा मोठा फायदा आहे आणि तो घ्यायला हवा. आपल्या क्रियापदाला बोलणाऱ्याप्रमाणे शेपूट लागतं: मी जेवतो, तू जेवतोस, ती जेवते. ऐकणारं मूल 'जेवतोस'च उचलणार. पण काही रूपांना बोलणारा कोण याचं सोयरसुतक नसतं: पायजे, नको, संपलं, झालं, पुरे, भूक लागली, दुखालंय, उघडायचं, जाऊया. आईनं म्हटलं काय, पोरानं म्हटलं काय, मुलीनं म्हटलं काय, रूप तेच. पहिले तीन-चार महिने शक्य तितकं याच रूपांत बोला. 'मला' आणि 'तुला' सुरुवातीला गाळूनच टाका. मराठीत त्याशिवाय वाक्य अडत नाही. (आपल्या पट्ट्यात पुष्कळ घरांत बायकाही 'मी जातो', 'मी करतो' म्हणतात, त्यामुळे आईचं ऐकून मुलगा 'मी जाते' म्हणायला लागेल ही पुण्याकडच्या घरांत येणारी अडचण इथं कमी येते. 'तू'-'मी'ची अदलाबदल मात्र सगळीकडे सारखीच.) 'माझी पाळी, तुझी पाळी' हे सर्वनामांचं काम सहा-आठ महिन्यांनी, खेळात, त्याचाच हात त्याच्या छातीवर ठेवून सुरू करायचं. आधी घाई केली तर 'तुझी पाळी' म्हणत तो स्वतःच फासे टाकेल आणि ते सुटायला वर्ष जातं.

सर्वांत जास्त बिघडतं ते 'म्हण' या शब्दानं. "म्हण, पाणी पायजे" असं शिकवलं की तो "म्हण पाणी पायजे" असंच पाठ करतो. 'सांग', 'बोल की' यांचंही तेच. अगदी 'शाब्बास'सुद्धा वाक्याला चिकटतं. 'पाणी पायजे शाब्बास' ऐकू येऊ लागलं की समजा बक्षीस शब्दात दिलं जातंय. त्यानं पाणी मागितलं, पाणी दिलं, तेच बक्षीस.

'म्हण' न म्हणता वाक्य सुचवायचं कसं? दोन माणसं लागतात, आणि एकत्र कुटुंबात ती मिळतात. वस्तू हातात घेऊन एक जण मुलाच्या समोर. हा माणूस काहीही बोलत नाही. दुसरा, आजी किंवा मोठी बहीण, मुलाच्या पाठीमागे त्याच्या कानाजवळ. मागून हळू आवाजात, जणू मुलगाच बोलतोय अशा सुरात: "चुरमुरे पायजेत." त्यानं ते समोरच्याला म्हटलं की समोरच्यानं लगेच द्यायचे. मागची व्यक्ती समोर येत नाही, कौतुक करत नाही, तिचं काम फक्त आवाज उसना देणं.

मग तो आवाज काढून घ्यायचा. पहिले तीन-चार दिवस मूल वस्तूकडे बघताक्षणी वाक्य द्या, थांबू नका. त्याला चुकायची संधीच नको. नंतर वस्तू दाखवून मनात तीन आकडे मोजा आणि मग द्या. दहापैकी आठ वेळा, सलग दोन दिवस, तुमच्या आधी तोच बोलला की पाच आकडे. मग दहा. थांबताना भुवया वर, नजर त्याच्या चेहऱ्यावर, वस्तू दिसेल अशी, तोंड बंद. दहापर्यंत मोजूनही शब्द आला नाही तर लगेच पूर्ण वाक्य देऊ नका: आधी वस्तूकडे नजर, मग बोट, मग नुसतं ओठांवरचं पहिलं अक्षर, 'चु...', आणि शेवटी पूर्ण. दहात तीनपेक्षा जास्त वेळा पूर्ण वाक्य द्यावं लागलं तर एक पायरी खाली उतरा. त्यात कमीपणा काही नाही.

दहा आकडे म्हणजे किती वेळ, हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. पाचव्या आकड्याला कुणीतरी आतून ओरडतं, "अगं दे की त्याला, रडवतेस कशाला?" म्हणून मोजणी सुरू करण्याआधी घरच्यांना बसवून सांगा की आम्ही त्याला अडवत नाही, त्याच्यासाठी जागा मोकळी ठेवतोय. ऑटिस्टिक मुलाला ऐकलेलं लावून घेऊन तोंडापर्यंत आणायला जास्त वेळ लागू शकतो. आपण मध्ये दुसरा प्रश्न टाकला की पहिला पुसला जातो आणि त्याचं काम पुन्हा पहिल्यापासून.

वेगळा तास काढून टेबलाशी बसवायची गरज नाही. दिवसभरात विखुरलेल्या पंधरा-वीस संधी, प्रत्येकी मिनिटभर, एवढं पुरतं. चुरमुरे, शेंगदाणे पारदर्शक बरणीत, झाकण त्याला न उघडणारं. 'उघडायचं' हे वाक्य इथं जन्मतं. बिस्किटाचा चतकोर तुकडाच द्या, म्हणजे 'अजून' यायला तीन संधी. अंघोळीला एक तांब्या ओतून थांबा. झोपाळा वर धरून थांबा. मोटारसायकलवर पुढं बसवून किल्ली फिरवायच्या आधी थांबा, 'चला' साठी. कुंदा, म्हणजे आपली दुधाची मिठाई, आणलाच असेल कधी तर छोट्या चमच्यानं, एकेक. रोज नको, पण आवडीच्या वस्तूची ताकद अशा वेळी दिसते.

तीन मर्यादा पाळा. पाणी, जेवण, शौचाला जाणं, औषध आणि त्याची धीराची वस्तू, मग ती चादर असो की मोडकी गाडी, यांसाठी त्याला कधीही ताटकळवायचं नाही. तिथं वाक्य देऊन लगेच हवं ते द्यायचं. एकाच वस्तूवर लागोपाठ दोनदापेक्षा जास्त थांबायचं नाही. आणि तो आधीच चिडलेला असेल तर त्या वेळी शिकवणं बंद. या मर्यादा मोडल्या की मूल मागणंच सोडून देतं आणि स्वतः खुर्ची ओढून फळीवर चढतं. मग मोठे म्हणतात, पद्धत चालली नाही.

दीड-दोन महिन्यांत 'पायजे' पक्कं झालं की एक नवीनच दुखणं सुरू होतं. सगळ्याला 'पायजे'. कुत्रा दिसला, 'कुत्रा पायजे'. विमान गेलं, 'विमान पायजे'. त्याला विमान नको असतं. त्याला तुम्हाला दाखवायचं असतं, पण आपण फक्त मागायला शिकवलेलं असतं. म्हणून पहिल्या दिवसापासून मागण्याच्या बरोबरीनं नुसतं सांगण्याची वाक्यंही कानावर पडू द्या: 'विमान गेलं', 'कुत्रा झोपलाय', 'गरम आहे', 'अय्यो, सांडलं'. इथं थांबायचं नाही, त्यानं परत म्हणावं अशी अपेक्षाही ठेवायची नाही. एका प्रश्नामागे अशी चार वाक्यं, हे प्रमाण ठेवलं तर घरचा सूर आपोआप बदलतो. माझ्या मते हाच भाग सगळ्यात कमी केला जातो, कारण त्याचा परिणाम लगेच दिसत नाही.

पाठ वाक्याची मोडतोड मुद्दाम शिकवता येते. आधी एक शब्द बदला: तो 'पाणी पायजे' म्हणतो, तुम्ही देताना 'थंड पाणी', दुसऱ्या वेळी 'अजून पाणी'. मग तीन वस्तू आणि तीन घटनांचा चौकट-खेळ घ्या. मराठीत वस्तूच्या लिंगाप्रमाणे क्रियापद बदलतं, म्हणून पहिल्या खेळात तिन्ही वस्तू पुल्लिंगी घ्या: चेंडू, कप, डबा. घटना: पडला, भिजला, सापडला. एकूण नऊ वाक्यं होतात. शिकवायची फक्त तीन: 'चेंडू पडला', 'कप भिजला', 'डबा सापडला'. खरंच पाडून, भिजवून, लपवून. ती पक्की झाली की एक दिवस काही न बोलता चेंडू बादलीत टाका आणि थांबा. 'चेंडू भिजला' आलं तर ते त्यानं कधी शिकलेलंच नव्हतं. दोन पाठ वाक्यं फोडून त्यानं स्वतः जोडलंय. नाही आलं तर आणखी दोन वाक्यं शिकवून पुन्हा बघा. 'गाडी पडली', 'भांडं पडलं' याकडे नंतर वळा. सुरुवातीलाच तिन्ही लिंगं घातली तर मुलाला जोड दिसतच नाही.

अलीकडे 'गेस्टाल्ट' पद्धत म्हणून ठराविक टप्प्यांचं एक वेळापत्रक पुष्कळ पालकांना सांगितलं जातं. मूल अख्ख्या वाक्यांकडून सुट्या शब्दांकडे जातं हे निरीक्षण उपयोगी आहे. पण त्या पद्धतीनं ठरल्याप्रमाणे फरक पडतो याचा भक्कम पुरावा अजून नाही. त्या नावाखाली 'सुटे शब्द अजिबात शिकवू नका' किंवा 'चित्रांचे कार्ड बंद करा' असं कुणी सांगितलं तर मानू नका.

प्रश्नांचं काय? पाहुणे आले की "नाव सांग बघू काकांना" होणारच. 'तुझं नाव काय?' ला तो 'तुझं नाव काय?' म्हणतो, कारण प्रश्न संपला कुठं आणि आपली पाळी सुरू झाली कुठं ते त्याला कळत नाही. यासाठी मॅकमॉरो आणि फॉक्स यांनी १९८० च्या दशकात वापरलेली खूण-थांबा-दाखव ही रीत घरी जमते. प्रश्न विचारताना तर्जनी उभी धरायची, म्हणजे 'आता गप्प'. प्रश्न संपल्यावर दोन सेकंद तशीच. मग तेच बोट त्याच्या फोटोवर न्यायचं, ज्याचं नाव त्याला फोटो बघून आधीच घेता येतं. नाव आलं की झालं. फोटो आठवड्या-आठवड्यानं दूर सरकवत उलटा ठेवायचा, नंतर काढायचा. ज्याचं उत्तर त्याला आधीपासून येत नाही, असा प्रश्न या खेळात घ्यायचा नाही.

आणि 'माहीत नाही' शिकवा. न कळलेला प्रश्न जास्त परत म्हटला जातो. १९७८ साली श्राइबमन आणि कार यांनी दाखवलं होतं की न येणाऱ्या प्रश्नांना 'माहीत नाही' म्हणायला शिकवलं की परत म्हणणं कमी होतं आणि ते न शिकवलेल्या प्रश्नांवरही लागू पडतं. मात्र येणारे आणि न येणारे प्रश्न मिसळून विचारा, नाहीतर सगळ्यालाच 'माहीत नाही' होईल.

स्टेशनवरची घोषणा आणि कार्टूनची लांबलचक वाक्यं. "यात्रीगण कृपया ध्यान दें" सुरू झालं की तो कुठं आहे ते बघा. घरात गर्दी झालीय, कुणी मोठ्यानं बोलतंय, उद्याच्या बेताची धावपळ आहे? मग तो त्या ओळखीच्या सुराला धरून बसलाय, जसं कुणी मनात रामरक्षा म्हणतं. ते तोडू नका. गर्दी कमी करा किंवा त्याला आतल्या खोलीत घेऊन जा. तो शांत, आनंदात असताना म्हणत असेल तर त्यात शिरा: 'यात्रीगण...' तुम्ही म्हणा, थांबा, पुढचा तुकडा तो म्हणेल. दोन-तीन दिवसांनी एक शब्द बदला, गाडीच्या नावाजागी 'आजी आली'. हसला, परत तसं करायला लावलं, तर एक पाठ वाक्य खेळ झालं. फक्त शाळेच्या तासात किंवा देवळात नको असेल तर 'आता गप्प, घरी गेल्यावर' असं चित्रासह सांगावं. मनाई करण्यापेक्षा वेळ ठरवून देणं टिकतं.

"उद्या शाळा हाय?" सारखा तोच प्रश्न वीस वेळा येत असेल तर ती बहुधा माहितीची मागणी नसते, खात्रीची असते. एकदा उत्तर द्या, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात शाळेचं किंवा घराचं छोटं चित्र चिकटवा, आणि पुढच्या वेळी बोलू नका, त्याचा हात त्या चौकोनावर न्या. गणपती, शिवजयंतीची मिरवणूक, यात्रा अशा दिवसांत हे प्रश्न वाढतात. दिनक्रम मोडणार असेल तर तीन दिवस आधीपासून चित्र लावा.

आता भाषेचं. घरी मराठी सोडून कन्नड बोला, हा सल्ला मी देणार नाही आणि तुम्ही मानू नये. दोन भाषांत वाढणाऱ्या ऑटिस्टिक मुलांची एका भाषेत वाढणाऱ्यांशी तुलना करणाऱ्या अभ्यासांत दुसऱ्या भाषेमुळे बोलणं मागे पडतं असं दिसलेलं नाही. उलट, ज्या आईला कन्नड मोजकंच येतं तिनं घरी कन्नड धरलं की तिची वाक्यं तोकडी होतात, सूर कोरडा होतो, गप्पा कमी होतात. आणि आजी-आजोबा तर गप्पच होतात. ज्या भाषेत तुम्ही भांडता, लाड करता, झोपवता, तीच त्याच्याशी बोला. वाक्य-वाक्याला भाषा बदलायची मात्र नाही. एका वेळी एक.

शाळेसाठी कन्नडमधली मोजकी, रोज लागणारी वाक्यं वेगळी शिकवा आणि तीही अख्खी: 'नीरु बेकु' पाण्यासाठी, 'ब्याड' नको म्हणायला, 'साकु' पुरे म्हणायला, आणि एकीला जायचं असेल तर 'ओंदक्के'. त्या वर्गात नेमका कोणता शब्द चालतो तो बाईंना विचारून घ्या. वर्गातला शब्द आणि घरून पाठवलेला शब्द वेगळा पडला तर त्याचं ऐकलं जात नाही. दोन्हीकडे समान दुवा म्हणून कार्ड बनवा. नळाचा, शौचालयाचा आणि कानावर हात ठेवलेल्या मुलाचा फोटो, साधारण पाच सेंटिमीटरचे चौकोन, लॅमिनेशन करून कडीत अडकवलेले, मागं मराठी आणि कन्नड दोन्ही लिपींत वाक्य. कार्ड दाखवलं की बाईंनी कन्नड वाक्य म्हणायचं आणि लगेच द्यायचं. बाईंना ही एकच विनंती करा. दहा केल्यात तर एकही होणार नाही.

चित्रांमुळे बोलणं थांबेल ही भीती घरोघरी असते. तसं होत नाही, पुष्कळ मुलांना त्यानं मदतच होते, कारण चित्र हातात असलं की शब्द शोधण्याची ओढाताण थांबते. चित्र देऊन मागणं शिकवण्याची पेक्स पद्धत अँडी बाँडी आणि लॉरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये सुरू केली. वर सांगितलेला पाठीमागचा माणूस तिच्यातही आहे, आणि पहिल्या टप्प्यात तोंडानं काहीच सुचवायचं नसतं. फोनवर आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे ॲप मराठीतही आहे. मात्र मुलाचा हात किंवा मनगट धरून त्याच्याकडून अक्षरं टाइप करून घेणाऱ्यांपासून दूर राहा. तपासण्यांत वारंवार दिसलंय की ते शब्द धरणाऱ्याचे असतात. स्टेम सेल उपचारांवर पैसे घालवू नका. ऑटिझमसाठी त्याची शिफारस नाही.

थेरपिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले आहेत का, हे विचारायला संकोच करू नका. सरकारी मार्गानं जायचं तर अंगणवाडी किंवा शाळेच्या आरोग्य तपासणीतून जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतच्या मर्यादेत थेरपीचाही खर्च येतो.

प्रगती मोजताना 'बोलतोय' किंवा 'बोलत नाही' असं ढोबळ मोजू नका. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, वीस मिनिटं. तीन आकडे लिहा: कुणीही न सुचवता किती वेळा बोलला, त्यात किती वेगवेगळी वाक्यं होती, आणि किती माणसांशी बोलला. पहिला आकडा वाढतोय पण तिसरा एकावरच अडकलाय, म्हणजे तो फक्त तुमच्याशी बोलतो. आता बरणी बाबांच्या, काकीच्या, शेजारच्या मुलीच्या हातात जायला हवी. पूर्ण वाक्य सुचवण्याची गरज दोन आठवडे तितकीच राहिली, तर मूल तुमच्या सुचवण्याचीच वाट बघायला शिकलंय. ओठांवरचं पहिलं अक्षरही बंद करा आणि नुसतं थांबा. पहिला दिसण्याजोगा फरक साधारण दीड-दोन महिन्यांत येतो, पण तो परत म्हणणं कमी झाल्याचा नसतो. परत म्हणणं अधूनमधून वाढतंसुद्धा, विशेषतः नवीन वाक्यं येऊ लागली की.

आणि एक दिवस व्याकरण मोडलेलं काहीतरी येईल. 'कुत्रा नको घर.' किंवा 'आजी बस गेलं.' आतापर्यंत त्याची वाक्यं शुद्ध असायची, कारण ती तुमची होती. ही चुकीची असेल, कारण ती कुणाकडूनच घेतलेली नाही. तिथं 'असं नाही, असं म्हणायचं' करू नका. कुत्र्याला बाहेर काढा, दार लावा, "कुत्रा घरात नको" एवढं एकदा सहज म्हणा, आणि वहीत त्याचे शब्द जसेच्या तसे, तारखेसकट लिहून ठेवा.